डॉक्टर दवाखाना कुठे टाकतो, हे नक्की कुठे ठरतं?

माळरान

मी डॉक्टर नाही. आरोग्य विभागाच्या आस्थापना शाखेत नोकरी केली. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नेमणुका, रुजू अहवाल, बदलीचे अर्ज, राजीनामे, बंधपत्रं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आता निवृत्त आहे. बरीच वर्षं मनात असलेला विषय मांडतोय, कारण इथे डॉक्टर मंडळीही आहेत.

ग्रामीण भागात डॉक्टर जात नाहीत असं म्हणताना आपण सगळ्या डॉक्टरांना एकाच मापाने मोजतो. फायलींमध्ये मला तसं दिसलं नाही. मुंबई-पुण्यात वाढलेला मुलगा प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू व्हायचा, बंधपत्राचं वर्ष काढायचा, अनुभव प्रमाणपत्र घ्यायचा आणि जायचा. त्यात गैर काही नाही, त्याने ठरलेलं काम केलं. शेजारच्या तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकाचा मुलगा मात्र बऱ्याचदा राहायचा. नेहमी नाही, पण इतक्या वेळा की रुजू अहवालावरचा कायमचा पत्ता वाचला की अंदाज यायचा.

नियम सांगतो, सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. इमारत बांधून होते, सिस्टर असतात, औषधंही बऱ्यापैकी असतात. रिकामी राहते ती डॉक्टरची खुर्ची. मग सरकार बंधपत्र कडक करतं. माझ्या वेळी नियम असा होता, सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर १० लाख भरायचे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधपत्रं वैध ठरवली, म्हणजे कायद्याचा प्रश्न मिटला. पण माणूस टिकण्याचा प्रश्न होता तिथेच आहे. आणि ज्याच्या घरी १० लाख सहज निघायचे त्याच्यासाठी ते बंधन उरतच नव्हतं. ते बांधायचं फक्त ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याला.

ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरने १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की जिथे गरज सगळ्यात जास्त तिथे चांगली सेवा मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी, आणि बाजाराचा जोर वाढतो तसा हा उलटा नियम घट्ट होतो. ते स्वतः वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात प्रॅक्टिस करत होते. आपल्याकडे हा नियम प्रवेशाच्या दारातच सुरू होतो असं मला वाटतं. डॉक्टर कुठे बसणार, हे तो पास झाल्यावर ठरत नाही. आपण कुणाला आत घेतो, तिथेच त्यातलं निम्मं ठरून जातं.

आपल्या राज्यात वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० चा नियम होता. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग. राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातून. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला. तेव्हा चर्चा झाली ती गुणवत्तेची आणि समान संधीची. पास झाल्यावर ही मुलं कुठे राहतील, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तुमचे अनुभव सांगा. विशेषतः ज्यांनी स्वतः हा निर्णय घेतलाय त्यांनी.

निशिगंधा

महत्त्वाचा विषय. मी सध्या इंटर्नशिप करतेय. आमच्या बॅचमध्ये 'पुढे काय' एवढीच चर्चा असते, आणि तिचा अर्थ पीजीला कुठली शाखा मिळणार इतकाच. कुठल्या गावी जाणार, हे कुणी कुणाला विचारत नाही. वाचतेय.

आडवाट

माळरान, तुम्हाला पत्त्यावरून जे दिसायचं त्यावर जगभर बरंच काम झालंय. सार्वजनिक आरोग्य हा माझा अभ्यासाचा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दक्षिण आफ्रिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण भागातून आलेल्या पदवीधरांपैकी सुमारे ३८ टक्के ग्रामीण भागात काम करताना आढळले, शहरी मुलांपैकी सुमारे १२ टक्के. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजने १९७४ पासून एक वेगळी वाट ठेवली. खेड्यात वाढलेली आणि तिथेच फॅमिली डॉक्टर व्हायची इच्छा सांगणारी मुलं निवडायची. १९९९ मधल्या आढाव्यात असं निघालं की पेनसिल्व्हेनियातल्या सगळ्या वैद्यकीय पदवीधरांमध्ये या मुलांचं प्रमाण जेमतेम १ टक्का, पण त्या सगळ्या पदवीधरांतून जे त्याच राज्याच्या ग्रामीण भागात फॅमिली डॉक्टर झाले त्यांच्यात २१ टक्के. आणि गेलेल्यांपैकी बहुतेक जण अनेक वर्षांनंतरही तिथेच होते. हे मला आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

जपानचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं, कारण तिथे सरकारने पुढाकार घेतला. १९७२ मध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी सुरू झाली. देशाचे ४७ प्रांत, प्रत्येकातून दोन-तीन मुलं. फी कर्जाच्या रूपात, आणि आपल्याच प्रांतात साधारण नऊ वर्षं सेवा केली की ते कर्ज माफ. 'आपल्याच प्रांतात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपलं बंधपत्र सांगतं, जागा रिकामी असेल तिथे जा. कोल्हापूरच्या मुलीला गोंदियात आणि चंद्रपूरच्या मुलाला पालघरला पाठवून सरकारचा हिशोब जुळतो, माणूस मात्र पहिल्या दिवसापासून परतीच्या गाडीकडे डोळे लावून असतो.

थायलंडने १९९४ पासून ग्रामीण मुलांना निवडून त्यांचं क्लिनिकल शिक्षण प्रांतातल्याच रुग्णालयात द्यायला सुरुवात केली. नॉर्वेने थेट आर्क्टिक वृत्तापलीकडच्या ट्रॉम्सोला विद्यापीठ काढलं आणि उत्तरेच्या मुलांसाठी जागा राखल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींमध्येही ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशात प्राधान्य द्या हे स्पष्ट लिहिलंय.

सामाजिक गटांबद्दलही पुरावा आहे. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांवरचा १९९६ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. कृष्णवर्णीय डॉक्टर कृष्णवर्णीय वस्तीजवळ आणि हिस्पॅनिक डॉक्टर हिस्पॅनिक वस्तीजवळ जास्त प्रमाणात काम करत होते. याची दुसरी बाजू १९१० सालची. वैद्यकीय शिक्षणाच्या दर्जावरच्या फ्लेक्सनर अहवालानंतर 'दर्जा' सुधारताना अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं बंद पडली, हॉवर्ड आणि मेहॅरी अशी दोनच उरली. ते दार बंद झाल्याचे परिणाम त्या वस्त्यांनी अनेक पिढ्या भोगले.

पायवाट

हा धागा उघडून दोनदा बंद केला, आता लिहितोच.

माझे आईवडील शेतमजूर. घरातला पहिला दहावी पास मी, पहिला पदवीधर मी, पहिला डॉक्टरही मीच. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस, नंतर एमडी मेडिसिन. आज जिल्ह्याच्या गावी माझं छोटं रुग्णालय आहे. माझ्या मूळ गावी एमबीबीएस डॉक्टर आजही नाही. म्हणजे वरच्या सगळ्या अभ्यासांच्या हिशोबाने मी परत जायला हवं होतं, आणि मी गेलो नाही.

का गेलो नाही ते सांगतो. मी पास झालो तेव्हा घरावर माझ्या शिक्षणाचं कर्ज होतं, बहिणीचं लग्न व्हायचं होतं, धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं. पहिला डॉक्टर झालेल्या मुलाकडे घरच नाही, अख्खी भावकी डोळे लावून बसते. गावात दवाखाना टाकला असता तर पैसे कुणाकडून घ्यायचे? सगळे काका, मामा, आजोबा. ज्यांच्या शेतावर आईने निंदणी केली त्यांच्याकडून फी मागताना माझी जीभ रेटली नसती, आणि फी न घेता कर्जाचा हप्ता भरला गेला नसता. दुसरं म्हणजे एमडी मेडिसिन होऊन खेड्यात करायचं काय? हार्ट अटॅकचा रुग्ण आला तर मॉनिटर लागतो, पॅथॉलॉजी लागते, रात्रपाळीला शिकलेली सिस्टर लागते. मी जे शिकलो ते वापरायची सोयच गावात नव्हती.

तरीही पार्श्वभूमीचा परिणाम झाला नाही असं मी म्हणणार नाही. मला पुण्यात मोठ्या रुग्णालयात बोलावणं होतं. मी जिल्ह्याला आलो, कारण इथून गाव एसटीने गाठता येतं आणि माझ्या तालुक्याचा माणूस माझ्यासमोर बसून मोकळेपणी बोलतो. 'छातीत चमक निघते' म्हणजे काय आणि 'जीव घाबरा होतो' म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. माझ्या ओपीडीत निम्म्याहून जास्त लोक माझ्याच तालुक्याचे. म्हणजे मी परत गेलो, पण अर्ध्या वाटेपर्यंत. माझ्यासारखे अर्ध्या वाटेवर थांबलेले डॉक्टर प्रत्येक जिल्ह्याच्या गावात सापडतील. ते कुठल्या रकान्यात मोजायचे?

आणि एक गोष्ट मनापासून खटकते. ग्रामीण मुलाला प्रवेश द्या म्हणजे तो खेड्यात सेवा करेल, या म्हणण्यात सेवेचा सगळा भार पुन्हा गरिबाच्या मुलावर पडतो. अभिमत विद्यापीठात वर्षाला २०-२५ लाख फी भरून शिकलेल्याला कुणी विचारत नाही, बाबा तू खेड्यात का जात नाहीस. त्याने पैसे मोजले म्हणून तो मोकळा. आम्ही मार्क मिळवले आणि सरकारी फीत शिकलो म्हणून आम्ही ऋणी. हा न्याय मला समजत नाही.

माळरान

पायवाट, डॉक्टरसाहेब, हे लिहिल्याबद्दल आभार. भार कुणावर पडतो हा मुद्दा फार मोठा आहे, त्यावर थोडा विचार करून लिहितो.

निळी_वही

पायवाट यांच्याशी पूर्ण सहमत, पण एक गोष्ट अजून कुणी बोललेलं नाही, ती मी बोलते.

माझे यजमान डॉक्टर आहेत, अनुसूचित जातीतले. सरकारी नोकरीतली पहिली नेमणूक एका मोठ्या गावात झाली. क्वार्टर राहण्यासारखं नव्हतं म्हणून गावात भाड्याने घर शोधलं. डॉक्टर म्हटल्यावर पहिल्या भेटीत सगळे खूश. आडनाव कळल्यावर 'पाव्हणे येणार आहेत', 'रंगकाम काढलंय'. शेवटी गावाच्या त्या टोकाला, आपल्याच वस्तीत खोली मिळाली. रुग्ण यायचे, औषधही घ्यायचे. पण काही घरांमधून निरोप यायचा की गोळ्या सिस्टरांच्या हाती पाठवा.

आम्ही नंतर शहरात महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. तिथे केसपेपरवर रुग्णाचं नाव असतं आणि समोर पांढरा कोट असतो. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल जे कठोर शब्द वापरले ते आमच्या घरात पाठ आहेत, आणि ते का वापरले हे आम्ही त्या भाड्याच्या घराच्या शोधात समजून घेतलं. म्हणून 'खेड्यातला मुलगा खेड्यात परतेल' हे वाक्य वाचताना कृपया हेही विचारा की कुणाचं खेडं, आणि त्या खेड्याने त्याला कसं वागवलं होतं. काहींसाठी शिक्षण म्हणजे तिथून सुटका असते. शहरातल्या ज्या दवाखान्यात हे आज बसतात तिथे झोपडपट्टीतले, बिगारी कामावरचे, सफाई कामगार रुग्ण येतात. वंचितांची सेवा शहरातही होते.

आडवाट

निळी_वही, तुम्ही लिहिलेलं कॅलिफोर्नियाच्या अभ्यासाशी नेमकं जुळतं. त्या डॉक्टरांनी निवडलं ते आपल्या माणसांना, आणि ती माणसं जिथे राहतात तिथे ते गेले. आपल्याकडे हा प्रश्न ग्रामीण विरुद्ध शहरी एवढाच मांडला जातो, तिथेच तो अपुरा पडतो.

वसुधा_ताई

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी. यजमान सर्जन. आमच्या पिढीत असं जोडप्याने तालुक्याला मॅटर्निटी होम आणि सर्जिकल टाकणं सर्रास होतं. खाली हॉस्पिटल, वर घर. रात्री बेल वाजली की जिना उतरायचा.

बाईच्या बाबतीत पार्श्वभूमीचा हिशोब वेगळाच चालतो. माझं माहेर मुंबईचं. मी तालुक्याला आले ती सासरमुळे. माझ्या बॅचची एक मैत्रीण खेड्यातली, हुशार, गावीच काम करायचं स्वप्न होतं तिचं. लग्न हैदराबादच्या डॉक्टरशी झालं, आज ती तिथे आहे. मुलगी कुठल्या गावची हे बघून तुम्ही प्रवेश द्याल, पण ती कुठे प्रॅक्टिस करणार हे बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याच्या नोकरीवरून ठरतं. आता वैद्यकीय प्रवेशात मुलींचं प्रमाण इतकं वाढलंय की हा मुद्दा सोडून कुठलंही गणित मांडताच येणार नाही. दोघांना एकाच तालुक्यात नेमणूक देणं, राहायला बंद होणारं दार आणि चालणारं संडास-बाथरूम असलेलं क्वार्टर देणं, रात्री वॉर्डात दुसरी बाई असणं, या गोष्टींनी बायका टिकतात. मी सरकारी सेवेतल्या कितीतरी मुलींना फक्त क्वार्टरमुळे सोडून जाताना पाहिलंय.

आता माझ्या मुलीबद्दल. ती रेडिओलॉजिस्ट आहे, पुण्यात. ती येणार नाही, आणि तिला यायला सांगायचं मला धाडस होत नाही. तालुक्याला भूलतज्ज्ञ बोलावून आणावा लागतो. सिझेरियनमध्ये रक्त लागलं तर जिल्ह्याहून येईपर्यंत माझे हात थरथरतात. एखादा रुग्ण दगावला की जमाव काचा फोडतो. २०१० पासून डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्यात कायदा आहे, पण त्या रात्री दारात कायदा उभा नसतो. आमच्यासारखी तालुक्यातली रुग्णालयं एकेक करून बंद होतायत, कारण डॉक्टरांची मुलं डॉक्टर झाली तरी मोठ्या शहरात झाली. आईवडील साठी ओलांडतात आणि इमारत विकली जाते. खेड्यातून परत येणारं कुणी नाही याची चर्चा होते, पण तालुक्यातून निघून जाणाऱ्या या पिढीची कुणी नोंदच घेत नाही. उद्या आमच्या भागातल्या अवघडलेल्या बाईला थेट जिल्हा गाठावा लागेल.

सुहृद_

सगळं वाचलं. पण पार्श्वभूमीला एवढं महत्त्व देणं मला पटत नाही. हेमलकशाला १९७३ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे गेले, ते तिथले माडिया आदिवासी नव्हते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास काम सुरू केलं. जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे गेले, दोघंही वेल्लोरचे विद्यार्थी. ध्येय असलं की माणूस कुठेही जातो. तेव्हा निवड ध्येयावर करा, पत्त्यावर नको.

माळरान

सुहृद, तुम्ही दिलेली नावं वंदनीयच आहेत. पण त्यांचीच पार्श्वभूमी बघा. प्रकाश आमटे आनंदवनात वाढले, कुष्ठरुग्णांच्या सोबतीने. अभय बंग सेवाग्रामच्या गांधीवादी वातावरणात वाढले. लहानपणी काय पाहिलं, घरात कुणाला मान मिळताना पाहिलं, ही सुद्धा सामाजिक पार्श्वभूमीच. म्हणजे माझा मुद्दा तुमच्या उदाहरणांनी अधिक पक्का होतो. पत्ता हा त्यातला एक भाग, घरची शिकवण हा दुसरा.

आणि राज्यात अठराशेच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. तेवढे आमटे आणि बंग कुठलाच समाज घडवू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही कुणाकडून करू नये. मला साध्या डॉक्टरांबद्दल बोलायचंय, ज्यांना पगार वेळेवर हवा, मुलांना शाळा हवी, आणि महिन्यातून एकदा आईला भेटता यायला हवं.

जामखेडबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. आरोळे दांपत्याने तिथे गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यातल्या कित्येक निरक्षर, दलित समाजातल्या. त्यांनी गाव सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. गडचिरोलीत नवजात बाळांची घरीच काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत अशाच गावातल्या. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली, तीही त्याच गावची रहिवासी असली पाहिजे हीच अट घेऊन. आशाच्या बाबतीत सरकारला कळलं की माणूस तिथलाच हवा. डॉक्टर निवडताना तेच सरकार हे सोडून देतं.

मुक्कामपोस्ट

मी बीएएमएस. आदिवासी तालुक्यात आरोग्याच्या भरारी (फिरत्या) पथकाचा मानसेवी वैद्यकीय अधिकारी होतो, आता उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे.

वरची चर्चा वाचून वाटलं, 'डॉक्टर नाहीत' म्हणताना आम्हाला धरलेलंच नाही. पाड्यावर पावसाळ्यात चिखल तुडवत कोण जातं? कुपोषित बाळाचं वजन, हातपंपाच्या पाण्याचे नमुने, रात्रीचा विंचूदंश कोण बघतं? माझ्याबरोबर काम करणारे बहुतेक जण शेतकरी नाहीतर छोट्या नोकरदारांच्या घरातले, याच जिल्ह्यातले किंवा शेजारच्या. नीटच्या गुणांमुळे एमबीबीएस हुकलं, म्हणून आयुर्वेदाला आलो. म्हणजे ज्या गाळणीने आम्हाला एमबीबीएसच्या बाहेर ठेवलं, तीच गाळणी आम्हाला पाड्यावर घेऊन आली.

हे जुनंच आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यातले जवळपास ३० हजार लायसेन्शिएट, कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले. १९४६ च्या भोर समितीने डॉक्टर एकाच दर्जाचा असावा असं ठरवलं आणि तो अभ्यासक्रम बंद होत गेला. हेतू चांगला होता, पण लहान गावातल्या साध्या घरातल्या मुलाला डॉक्टर व्हायची एक वाट त्यात बुजली. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला होता. त्यातून तयार झालेले ग्रामीण वैद्यकीय सहाय्यक प्राथमिक उपचारात एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचे निघाले असं तिथल्या अभ्यासात दिसलं. अभ्यासक्रम मात्र काही वर्षांतच बंद झाला.

आम्हाला एमबीबीएसची बरोबरी नको. आमचं काम कुठल्या पातळीपर्यंत हे स्पष्ट लिहून द्या, वरच्या डॉक्टरशी फोनवर बोलता येईल अशी सोय द्या, मानधन वेळेवर द्या. एवढं पुरे.

निशिगंधा

मी विद्यार्थिनी म्हणून विचारते. ग्रामीण पार्श्वभूमी मोजायची कशी? माझ्या वर्गातले निम्मे मराठवाड्यातले मित्र दहावीनंतर लातूरला किंवा नांदेडला खोली करून राहिले. पंधराव्या वर्षापासून क्लास, मेस आणि टेस्ट सिरीज. त्यांचं दाखल्यावरचं गाव खेडंच आहे, पण ते तिथे शेवटचे राहिले तेव्हा दहावीत होते. आणि दोन वर्षांच्या क्लासची फी भरू शकणारं घर म्हणजे गावातलं वरचं घर. मग दाखल्यावरचा पत्ता काय सांगतो?

माझं स्वतःचं म्हणाल तर मी नागपूरची. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंग झालं आणि मला ते काम आवडलं. हे मी घरी अजून बोललेली नाही.

आडवाट

निशिगंधा, प्रश्न अगदी मर्मावर आहे. म्हणूनच जेफरसनसारख्या ठिकाणी पत्ता एकटा पुरत नाही, मुलाखत आणि त्या भागातल्या लोकांची शिफारसही बघतात. शिवाय शिक्षण कुठे होतं, हेही तितकंच जड पडतं. तुझंच उदाहरण घे. शहरातली मुलगी, चांगलं पोस्टिंग मिळालं आणि मन वळलं.

आपल्याकडे निवडीचा असा प्रयत्न झाला होता. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. त्यांच्या प्रवेश परीक्षेत गांधी विचारांचा स्वतंत्र पेपर असायचा, मुलं गाव दत्तक घ्यायची, पीजीसाठी दोन वर्षं ग्रामीण सेवेची अट होती. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज स्वतःच्या पद्धतीने मुलं निवडायचं, आणि त्यातली बरीच मिशनच्या दूरच्या रुग्णालयांत सेवेला जायची. नीट आल्यावर दोन्हीकडची प्रवेशप्रक्रिया बदलली. २०१७ मध्ये वेल्लोरने निषेध म्हणून एमबीबीएसला फक्त एकच विद्यार्थी घेतला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही नीट लागू असल्याचा निकाल दिला. देणग्यांचा बाजार थांबवायला एकच परीक्षा हवी हे मलाही मान्य आहे. पण एकाच आकड्यावर निवड झाली की 'तू कुठे काम करणार' हे विचारायची जागा उरत नाही.

तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या, नीटच्या आतच. सरकारी शाळेत कोण शिकतं हे पत्त्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलांसाठी असं काही करता येणार नाही का?

माळरान

पायवाट यांच्या मुद्द्यावर विचार करून लिहितो.

भार फक्त गरिबाच्या मुलावर पडू नये हे शंभर टक्के मान्य. म्हणून माझं म्हणणं असं. निवडीत त्याला प्राधान्य द्या, पण बदल्यात त्याला बांधून ठेवू नका, परतीची वाट सोपी करा. आणि ज्यांनी पैसे भरून शिक्षण घेतलं त्यांनाही सेवेतून मोकळं सोडू नका. ज्या रुग्णांवर हे डॉक्टर शिकतात ते गरीब असतात, मग महाविद्यालय कुणाच्याही मालकीचं असो.

७०:३० बद्दलही एक भर घालतो. तो रद्द करा ही मागणी मराठवाड्यातून जोरात झाली होती, कारण तिथे महाविद्यालयं कमी आणि मुलं हुशार, त्यामुळे त्यांचा कट-ऑफ वर जायचा. ती तक्रार खरी होती. माझ्या मते उपाय विभागाचं बंधन काढणं हा नव्हता, जागा वाढवणं हा होता. आता नंदुरबारला, गोंदियाला, चंद्रपूरला सरकारी महाविद्यालयं आहेत. पण नंदुरबारच्या महाविद्यालयात धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांसाठी वेगळी जागा नाही. इमारत आदिवासी जिल्ह्यात आणि मुलं राज्यभरातली. ती पास झाली की आपापल्या घरी जातील, आणि तेही स्वाभाविकच आहे.

पायवाट, एक थेट प्रश्न विचारू का? कुठल्या अटींवर तुम्ही तालुक्याला परत गेला असतात?

पायवाट

विचारलंत ते बरं केलंत, मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एक, सेवेतली वर्षं पीजीच्या प्रवेशात धरली जातील याची खात्री. दुर्गम भागातल्या प्रत्येक वर्षाला दहा टक्के, कमाल तीस टक्के वाढीव गुण देण्याची तरतूद नियमात होती, पण कुठलं केंद्र 'दुर्गम' यावरून वाद आणि कोर्टकचेऱ्या इतक्या चालायच्या की त्या भरवशावर आयुष्य टांगणीला लावायची हिंमत माझ्या परिस्थितीत नव्हती. दोन, एमडी झाल्यावर माझ्याच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिशियनचं पद, सोबत मॉनिटर आणि रात्री सिस्टर. वसुधाताई म्हणतात तसा भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा असता तर त्यांचं आणि माझं काम एका छताखाली झालं असतं. तीन, शैक्षणिक कर्जाचा हप्ता सेवेच्या काळात सरकारने भरणं. आडवाट यांनी जपानचं सांगितलं, ते वाचून वाटलं, एवढं सोपं होतं का हे!

मी पीजी करून आलो त्या वर्षी माझ्या तालुक्यातल्या जागेची जाहिरात निघाली होती. अर्ज आणायला मी गेलोही होतो. ती अकरा महिन्यांच्या कंत्राटाची होती, आणि तसल्या ऑर्डरवर बँकेने कर्जाची मुदत वाढवून द्यायला नकार दिला.

वसुधा_ताई

पायवाट, तुमचा तालुका कुठला ते इथे लिहू नका, व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिशियनची ओपीडी सुरू करायचं मी वैद्यकीय अधीक्षकांशी बोलतेय. अंतर फार नसेल तर तुमच्याशी बोलायला आवडेल. निशिगंधा, तुलाही. घरी बोलायच्या आधी आठ दिवस येऊन राहा, वरच्या मजल्यावर खोली आहे.